पांढऱ्यात पांढरा टॉवेल

मी बत्तीस वर्षं ट्रक चालवला. शाळा चौथीपर्यंत. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सून नीट करून देणार आहे. मजकुराला मात्र हात लावायचा नाही असं तिला बजावलंय, कारण मजकूर तिच्याबद्दलच आहे आणि स्वतःचं कौतुक ती खोडून टाकील.

आम्ही जपानात, सेंदाईत राहतो. मुलगा, सून, सहा वर्षांची नात आणि मी. आमची हीपण होती. मागल्या माघात गेली. इथल्याच दवाखान्यात, सकाळी, मी खाली चहा आणायला गेलो होतो तेवढ्यात. इथं यंत्रातून चहाचा डबा काढायचा असतो आणि मला ते बटण सापडेना. वर आलो तर संपलं होतं. त्याच्यावर जास्त लिहीत नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसं माझ्या डोक्यात एकच घुसलं. पानात मेथीची भाजी पाहिजे. ताजी. फ्रीजरमधली नको, पाकिटातली वाळकी तर नकोच. आणि ती मिळणार कुठं ते मला ठाऊक होतं. इथल्या सकाळच्या बाजारात एक शेतकरी म्हातारी बसते. तिला हिनं मूठभर मेथीदाणे दिले होते. हिला जपानी येत नव्हतं, तिला मराठी. दोघी बोटांनी बोलायच्या आणि तासतासभर बोलायच्या. म्हातारीनं ते दाणे आपल्या प्लास्टिकच्या मांडवात पेरले आणि अजून पेरते. तिचं शेत सेंदाईच्या उत्तरेला, गाडीनं सव्वा तास.

मुलगा त्या आठवड्यात कामासाठी इचिकावाला गेला होता. मी सुनेला म्हणालो, "आपणच जाऊन आणू."

तिनं मोबाइलमध्ये हवामान बघितलं. "सकाळी लवकर निघू, बाबा. बाराच्या आत परत यायचं. दुपारनंतर वारा आहे."

"वाऱ्याला काय भ्यायचं? वारा काय चाक पंक्चर करतो?"

"आठ वाजता," ती म्हणाली. विषय संपला.

खरं सांगतो, तिच्या गाडी चालवण्यावर माझा भरवसा नव्हता. पुण्यात तिनं स्कूटीच्या वर काही चालवलं नव्हतं. इथं येऊन शिकली, आणि बर्फातलं शिकली ते खालच्या मजल्यावरच्या बाईकडून, रिकाम्या पार्किंगमध्ये मुद्दाम गाडी घसरवून घसरवून. मी गॅलरीतून बघायचो आणि हिला म्हणायचो, "बघ, तुझी सून गाडीला फुगडी शिकवतेय." ही म्हणायची, "शिकवू दे. मला तेवढंही कुणी शिकवलं नाही." तो टोमणा मला होता. लग्नानंतर एकदा हिनं, "स्टेअरिंग धरू द्या की जरा," म्हटलं होतं आणि मी हसलो होतो. क्लीनरलाही सांगितलं, तोही हसला.

सुनेची तयारी मात्र मी बघत होतो, बोलत नव्हतो. डिसेंबर लागायच्या आत चारी चाकांना बर्फाचे टायर. डिकीत फावडं, दोन घोंगड्या, पाणी, बिस्किटं, रबरी हातमोजे. टाकी कधी अर्ध्याच्या खाली येऊ द्यायची नाही. घरी गाडी लावली की वायपर उभे करून ठेवायचे, नाहीतर काचेला चिकटून बसतात. एकदा तिची गाडी मी पार्किंगमध्ये दोन हात मागं घेतली आणि सवयीनं हँडब्रेक ओढून ठेवला. घाटातली सवय, आधी हँडब्रेक, मग चाकाखाली दगड. दुसऱ्या दिवशी ब्रेक गोठलेला, गाडी जागची हलेना.  तिनं हँडब्रेकवर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर लिहिलं, "बाबा, नाही."

तर आम्ही गेलो. म्हातारीनं मेथीची जुडी कागदात बांधून तयार ठेवली होती. सून म्हणाली, घेऊ आणि निघू. पण म्हातारीनं मला शेगडीजवळ बसवलं, मुळ्याचं लोणचं पुढं केलं, आणि जुडीतली एक काडी काढून दोन बोटांनी पान खुडून दाखवलं. हिच्यासारखंच. हिनंच शिकवलेलं ते. मग मला काही उठवेना. ती एक एक काडी खुडत राहिली आणि मी बघत राहिलो. सून तीनदा म्हणाली, "बाबा, निघू या." मी तीनदा म्हणालो, "जरा."

साडेबारा झाले. म्हातारीनं खिडकीतून बघितलं, उठली, अंगणातलं फावडं आत आणून दाराशी उभं केलं आणि सुनेला काही तरी सांगितलं.

"काय म्हणते?"

"समोरचा डोंगर दिसेनासा झाला की चपला घरात घ्यायच्या, म्हणतायत. तासभर थांबा."

सकाळी तिथं डोंगर होता खरा. आता नव्हता. त्याच्या जागी नुसतं मळकट दुधासारखं. पण आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होतं. आता मला वाटायला लागलं, मी इथं आणखी बसलो तर परक्या बाईसमोर रडेन. ते मला नको होतं. म्हणून मी उठलो आणि बूट घातले. "बत्तीस वर्षं घाट उतरलोय. एवढं ऊन पडलंय आणि थांबायचं?"

म्हातारा माणूस बूट घालून दारात उभा राहिला की घरातल्यांचं काही चालत नाही. मला ते ठाऊक आहे आणि मी ते वापरलं.

सून माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, गाडी कुणाची?"

"म्हणजे?"

"गाडी कुणाची?"

"तुझी."

"मग गाडीत माझं ऐकायचं. शब्द?"

"शब्द," मी म्हणालो.

तो रस्ता सरळसोट आहे. दोन्ही बाजूंना भातशेती, सगळी बर्फाखाली. झाड नाही, घर नाही. रस्त्याच्या कडेनं लाल-पांढरे खांब, आणि मध्येमध्ये उंच खांबावरून एक बाण खाली तोंड करून लोंबतो. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं, दुकानाची पाटी असेल. तो बाण बरोबर रस्त्याच्या कडेवर रोखलेला असतो. डांबर इथं संपलं, एवढंच तो सांगतो. रस्ता बर्फात गाडला गेला तरी चालवणाऱ्याला कड कळावी म्हणून कुणी तरी उन्हाळ्यातच विचार करून ठेवलाय. आमच्या घाटात कठडा कोसळला तर पुढचा ट्रक पडेपर्यंत तो तसाच.

दहा-बारा मिनिटं झाली असतील. डावीकडच्या शेतावरून बर्फाची पूड रस्त्यावर सरपटायला लागली, जात्याशेजारून पीठ उडावं तशी. सुनेनं लगेच पाय हलका केला. ब्रेक मारला नाही, नुसता पाय काढला. चारी इंडिकेटर एकदम लावले, मागच्याला दिसावं म्हणून. आणि तेवढ्यात ते आलं.

घाटातलं धुकं मी ढिगानं बघितलंय. धुकं सावकाश येतं, गायीसारखं. हे धावून आलं. एका क्षणी ऊन होतं आणि दुसऱ्या क्षणी गाडीचं बॉनेटसुद्धा दिसेना. वर, खाली, बाजूला, सगळं एकच पांढरं, आणि वारा गाडीला खांद्यानं ढकलतोय.

मागून नात ओरडली, "माश्शिरो!" म्हणजे सगळं पांढरंफेक. तिला मजा वाटत होती.

"अप्पर मार!" मी म्हणालो.

"नाही, बाबा. अप्पर मारला की उजेड बर्फावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. खालचाच बरा."

"मग थांब! ब्रेक मार!"

"रस्त्यात थांबले तर मागचा येऊन धडकेल. त्यालाही दिसत नाहीये." तिचा आवाज भाजी निवडताना असतो तसाच होता. "बाळा, तुझ्या खिडकीतून लाल खांब दिसतो का बघ. दिसला की सांग."

"आका!" नात ओरडली. लाल. मग थोड्या वेळानं परत, "आका!"

माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. मला खांब दिसत नव्हता, बाण दिसत नव्हता. सहा वर्षांची पोरगी लाल म्हणे आणि माझी सून तेवढंच पुढं सरके, बैलाच्या चालीनं. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेतेय. नंतर विचारलं तर म्हणाली, बाण मोजत होते. सकाळी येतानाच तिनं बघून ठेवलं होतं, रस्ता कुठं रुंद आहे. कितव्या बाणानंतर डावीकडं गाडी बाजूला घ्यायची जागा आहे, हे ती घोकत होती. मी सकाळी त्याच रस्त्यानं डुलक्या घेत आलो होतो.

तिसऱ्या बाणानंतर तिनं हळूच डावीकडं घेतलं आणि गाडी उभी केली. हँडब्रेकला हात लावला नाही. "आता बसायचं," म्हणाली. "जाईपर्यंत बसायचं. कुणी उतरायचं नाही."

आता माझी चूक सांगतो.

आमचं लग्न नवं असताना एकदा मी ट्रकमधून कौलं घेऊन आंबा घाट उतरत होतो. ही सोबत होती, खाली तिच्या बहिणीचं लग्न होतं. क्लीनर तापानं मलकापुरातच राहिलेला. घाटात असं धुकं आलं की पुढचं चाक दिसेना. असं धुकं आलं की क्लीनर अंगावर पांढरं फडकं घेऊन ट्रकपुढं चालतो आणि ड्रायव्हर फडक्याच्या मागं ट्रक नेतो. क्लीनर नव्हता. ही म्हणाली, "मी चालते." माझा पांढरा टॉवेल पाठीवर घेतला आणि उतरली. एका बाजूला दरी. मी फडक्यावर नजर ठेवून पहिल्या गिअरमध्ये, आणि दर दहा पावलांवर जरासा हॉर्न द्यायचा, तिला कळावं म्हणून की मी मागं आहे. ती अशी दोन मैल चालली. खाली उतरल्यावर केबिनमध्ये चढायला लागली तर मी काय म्हणालो असेन? "चप्पल झटकून वर ये, चिखल होईल."

एवढंच म्हणालो मी.

तर त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या मला तेच सुचलं. सकाळी डुलकीतून डोळा उघडला तेव्हा मला पुढं एक दुकान दिसलं होतं, चोवीस तास उघडं असतं तसलं, फार लांब नव्हे. मागून एखादा ट्रक आला तर आमचा चुरा करील, पोरगी मागच्याच सीटवर बसलीय. आपण पुढं चालावं, सुनेनं मागून गाडी आणावी, दुकानाच्या आवारात नेऊन लावावी. सून मागं वळून पोरीला घोंगडी गुंडाळत होती. मी गळ्यातला टॉवेल काढून पाठीवर टाकला, दार उघडलं आणि उतरलो. तिला सांगितलंसुद्धा नाही. सांगितलं असतं तर तिनं सोडलं नसतं.

पाच पावलं गेलो असेन. मागं वळून हात केला, ये म्हणून. मागं गाडी नव्हती.

गाडी होती तिथंच, पाच पावलांवर. मला दिसत नव्हती. तिचे लुकलुकणारे दिवेही दिसत नव्हते. मी हाक मारली ती वाऱ्यानं तोंडातच परत कोंबली. आलो तसा परत जावं म्हणून चाललो, आणि डावा पाय एकदम खाली गेला. गुडघ्यापर्यंत पाणी. रस्त्याकडेचा शेताचा पाट, वर बर्फाची साय आणि खाली वाहतं पाणी. पाय ओढून काढला तोवर कुठलं तोंड कुठं होतं ते पार विसरलो. त्या पांढऱ्यात मी उभा, पाठीवर पांढरा टॉवेल. तेव्हा डोक्यात उजेड पडला की धुक्यात फडकं दिसतं. इथं कुणाला काय दिसणार? सूर्यासमोर पणती धरून उभा होतो मी.

मनात आलं ते लिहितो. बरं झालं, असं आलं. हिच्या वर्षाच्या आत मीपण. थंडी वाजायची थांबली होती. बसावंसं वाटत होतं.

मग हॉर्न ऐकू आला. एक लांब, थोडा थांबून परत एक लांब. घाबरून बडवतात तसा नव्हे. ठेक्यात. वाऱ्यानं तो कधी इकडून वाटे, कधी तिकडून. मी हललो नाही. कान देऊन ऐकलं आणि ज्या बाजूनं तीनदा आला त्या बाजूला गुडघ्यांवर, हात पुढं करून रांगत गेलो. तो हॉर्न मला ओळखीचा होता. मीच दिला होता तसा, घाटात, हिला. मी मागं आहे म्हणून. सूनही तेच म्हणत होती. हिनं तिला तो घाट सांगितला होता, पण ते मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की कुणी तरी मी यायची वाट बघतंय, आणि मी नाही गेलो तर ती पोरीला सोडून मला शोधायला उतरेल. मग तिघांचंही संपलं. त्यानं मी रांगलो. मला माझं काही नव्हतं.

हाताला टायर लागला.

तिनं दार उघडून मला कॉलरला धरून आत ओढलं. नात रडत होती. सून रडत नव्हती. तिनं माझा बूट उपटून काढला, ओला मोजा काढला, पाय आपल्या जॅकेटमध्ये घेतला आणि चोळायला लागली.  मग म्हणाली, "आई गेल्या तेव्हा मी रडले, बाबा. तुमच्यासाठी अजून रडायचं नाहीये मला."

तिनं पाय आणखी जोरानं चोळला.

"आणि बर्फात पांढरं? पांढरं घालून?"

नात रडता रडता हसली. "आजोबा, युकिदारुमा!" बर्फाचा बाहुला म्हणते मला.

"मी शब्द दिला होता," मी म्हणालो.

"दिला होतात. आणि मीही निघायला नको होतं. आता दोघांनी गप्प बसायचं."

पण ती गप्प बसली नाही, कामाला लागली. मोबाइलवरून मुलाला आम्ही कुठं आहोत ते कळवलं. वाऱ्याच्या उलट्या बाजूची काच दोन बोटं उघडी ठेवली. थोड्या वेळानं हातमोजे चढवून उतरली, मागं जाऊन धूर निघतो ती नळी बर्फानं बुजली नाही ना बघून, मोकळी करून आली. नळी बुजली की धूर गाडीत येतो आणि झोपल्या जागी माणूस जातो. वास नाही, काही नाही. उतरण्याआधी मला म्हणाली, "बघा, बाबा. उतरायचंच असेल तर असं." तिचा एक हात सगळा वेळ गाडीवर होता. दार, मागची काच, डिकी, परत दार. हात सुटला नाही. तीनदा उतरली, तीनदा तसंच. जास्त साचायला लागलं तेव्हा इंजिन बंद केलं आणि आम्ही तिघं मागच्या सीटवर दोन घोंगड्यांत बसलो. गाडीभर मेथीचा वास कोंडला होता.

अर्ध्या तासानं ते गेलं, आलं तसंच. पडदा ओढावा तसं ऊन.

पाट गाडीपासून हातभर अंतरावर होता. सायीतलं माझ्या पायाचं भोक दिसत होतं, खाली काळं पाणी. टॉवेल कुठंच नव्हता. मागं रस्त्यावर बघितलं तर सात-आठ गाड्या ओळीनं उभ्या, मध्ये अंतर ठेवून, सगळ्यांचे दिवे लुकलुकतायत. कुणी कुणाला धडकलं नव्हतं. कुणी हॉर्न मारत नव्हतं. सगळ्यांत पुढं दुधाची टाकी होती. तिचा ड्रायव्हर उतरला आणि फावडं न घेता नुसत्या मोज्यानं आपल्या मागच्या दिव्यांवरचा बर्फ पुसला. मग मागच्या गाडीच्या दिव्यांवरचा. मग तिच्या मागच्या. सगळी ओळ पुसत गेला, आमच्या गाडीपाशी येऊन आमचेही पुसले, वाकला आणि परत जाऊन चढला. मी ड्रायव्हर आहे. आमच्या लायनीत मी एवढं कधी केलं नाही, दुसऱ्याला करताना बघितलंही नाही. मी काचेतून त्याला हात जोडले. त्याला कळलं असेल.

सुनेनं गाडी रस्त्यावर घेतली. त्यांनी वाट दिली तेव्हा इंडिकेटर दोनदा लुकलुकवले, इथं आभार असे मानतात.  

मी म्हणालो, "चांगली चालवलीस."

"काय?"

"ऐकलंस ते."

दोन-तीन बाण गेले. मग तीच म्हणाली, "आई सांगायच्या तो घाट. दर वेळी हसायच्या. म्हणायच्या, दोन मैल चालले आणि काय मिळालं, तर चप्पल झटक."

"हसायची?"

"हसायच्या. पण सांगायच्या दर वेळी."

घरी आलो. दुसऱ्या दिवशी मुलगा आला, तिसऱ्या दिवशी पान वाढलं, मेथीची भाजी डाव्या हाताला. मी फोटोसमोर बसलो आणि मोठ्यानं म्हणालो, "घाटात तू चांगली चाललीस. तू नसतीस तर मी दरीत गेलो असतो." स्वैपाकघरात नळ चालू होता, तो बंद झाला. पुष्कळ वेळ बंदच राहिला.

इकडं नव्या आलेल्या पोरांना एवढंच सांगतो. डोंगर दिसेनासा झाला की निघू नका. पाय हलका ठेवा. अप्पर मारू नका. थांबायची जागा जातानाच बघून ठेवा. गाडीत बसून राहा, धुराची नळी मोकळी ठेवा, उतरलात तर गाडीवरचा हात सोडू नका. आणि घरातला म्हातारा बूट घालून दारात उभा राहिला तर त्याचे बूट लपवा.

परवा म्हातारीला तिनं सोबत दिलेल्या लोणच्याचा डबा परत द्यायला निघालो होतो. सुनेनं डिकीत एक भडक लाल टॉवेल ठेवलाय, माझ्यासाठी. डोंगर स्वच्छ दिसत होता. तरी तिनं चावी फिरवायच्या आधी माझ्याकडं बघितलं.

"बाबा, गाडी कुणाची?"

"तुझी," मी म्हणालो, आणि पट्टा लावला.